परवाना ठेकेदाराकडे नव्हता, मग हक्क घरमालकाचा कसा जातो?

घराचे बांधकाम बिघडले की घरमालकाला पहिला सल्ला मिळतो तो गप्प बसण्याचा. ठेकेदाराकडे परवाना नव्हता, करार कागदावर नव्हता, पैसे हातात दिले. आता कोणत्या तोंडाने भरपाई मागणार? शेजारी असे म्हणतात, भाऊबंद म्हणतात, आणि पुष्कळदा वकीलही म्हणतात. परिणामी पहिल्याच पावसात स्लॅब गळू लागला तरी माणूस पुन्हा कर्ज काढतो, दुसऱ्या ठेकेदाराकडून वॉटरप्रूफिंग करून घेतो आणि पहिल्याला साधी नोटीसही पाठवत नाही. हे रूढ मत कायद्याला धरून नाही, आणि ज्याने काम बिघडवले त्यालाच ते निर्भय करते. म्हणून त्याचे खंडन व्हायला हवे.

आधी या मताची बाजू तिच्या पूर्ण बळासह मांडतो. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 प्रमाणे बेकायदा हेतूचा करार शून्य ठरतो. दोन्ही पक्ष सारखेच दोषी असतील तर न्यायालय कोणाच्याच मदतीला जात नाही, हेही तत्त्व जुने आणि मान्य आहे. ज्या कामाला परवाना लागतो ते काम घरमालकाने बिनपरवाना माणसाला दिले, बहुधा दर कमी होता म्हणून दिले. तेव्हा तोही दोषाचा भागीदार, आणि भागीदाराने दाद मागू नये. युक्तिवाद वरवर नेटका दिसतो. त्यातला प्रत्येक टप्पा मात्र तपासून पाहावा लागतो.

पहिला प्रश्न असा की परवाना म्हणजे नेमका कोणता? महाराष्ट्रात खासगी बंगला उक्त्याने बांधून देणाऱ्या सिव्हिल ठेकेदाराला परवाना देणारे राज्यपातळीवरचे मंडळच नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची वर्गवार नोंदणी असते ती सरकारी निविदा भरण्यासाठी. ‘शासनमान्य ठेकेदार’ असा फलक लावणाऱ्याकडे ती असली तरी तुमच्या घराच्या स्लॅबशी तिचा संबंध नसतो, आणि ती नसली म्हणून तुमचा करार बेकायदा होत नाही. आराखड्यावर आणि देखरेखीवर सह्या करणारे वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता, पर्यवेक्षक यांची पात्रता 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ठरवून दिली आहे. ती ठेकेदाराची पात्रता नव्हे. वास्तुविशारदांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये मुकेश गोयल प्रकरणात स्पष्ट केले की 1972 च्या वास्तुविशारद अधिनियमाचे कलम 37 नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावायला मनाई करते, त्या स्वरूपाचे काम करायला नाही. विजेचे काम मात्र खरोखर परवान्याचे आहे. घरातले वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. म्हणजे ‘परवाना नव्हता’ हे वाक्य सरसकट उच्चारले जाते तेव्हा बहुतेक वेळा मुळात परवान्याची अटच नसते.

जिथे अट आहे तिथे काय होते? वायरिंगच्या परवान्याची अट कोणासाठी घातली? शॉर्ट सर्किटने ज्याच्या घराला आग लागू शकते त्याच्यासाठी. मनाई आहे ती काम करणाऱ्याला. ज्याच्या रक्षणासाठी नियम केला त्यालाच नियम मोडणाऱ्याच्या जोडीला उभे करायचे आणि दोघे सारखेच दोषी म्हणायचे, हा तर्काचा विपर्यास आहे. सीताराम विरुद्ध राधाबाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘सारखेच दोषी’ या तत्त्वाचे अपवाद मान्य केले आहेत. वादी प्रतिवादीइतका दोषी नसेल, किंवा आपली मागणी मांडताना त्याला बेकायदेशीरपणाचा आधार घ्यावा लागत नसेल, तर त्याची दाद अडत नाही. निकृष्ट कामाची तक्रार या दुसऱ्या अपवादात सरळ बसते. स्लॅब गळतो, प्लास्टर सुटते, कॉलममधली सळई उघडी पडून गंजते, हे सिद्ध करायला परवान्याचा उल्लेखही करावा लागत नाही. परवान्याचा विषय काढतो तो ठेकेदार, स्वतःच्या बचावासाठी. आणि स्वतःच्या कसुरीचा फायदा त्याला का मिळावा?

इथपर्यंत झाला तो घरमालकाचा बचाव. यापुढे मी म्हणतो ते असे की परवाना नसणे ही घरमालकाच्या तक्रारीतली उणीव नव्हे, ते तिचे बळ आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणी स्पष्ट शब्दांत आहे. जुन्या कायद्यात ती 1993 च्या दुरुस्तीने आली होती आणि त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे ‘स्वतःच्या जागेवर घर बांधून घेणारा ग्राहक नव्हे, फ्लॅट घेणाराच ग्राहक’ ही समजूतही टिकत नाही. आता ‘सेवेतील त्रुटी’ची व्याख्या पाहा. कामाच्या दर्जात, स्वरूपात किंवा करण्याच्या पद्धतीत जे कायद्याने राखणे आवश्यक आहे त्यातली उणीव म्हणजे त्रुटी. तसेच कराराने किंवा अन्यथा जे करण्याचे पत्करले त्यातली उणीव म्हणजेही त्रुटी. जे काम परवानाधारकानेच करावे असा कायदा आहे ते परवान्याशिवाय केले, तर काम करण्याच्या पद्धतीतच कायद्याने अपेक्षित गोष्ट राखली गेली नाही. त्याशिवाय आपल्याजवळ नसलेली मान्यता आहे असे भासवणे ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे खोट्या फलकावर विसंबलेला माणूस ग्राहक आयोगापुढे एकाऐवजी दोन मुद्दे घेऊन जातो.

पावती नसल्याचे जे भय आहे त्याचेही उत्तर तिथेच मिळते. केलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे हीदेखील 2019 च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. ‘पावतीच नाही, तर तक्रार कसली’ असे ठेकेदार म्हणतो तेव्हा तो स्वतःच्याच कसुरीकडे बोट दाखवत असतो. तोंडी करारही करारच आहे. घर बांधण्याचा करार लेखीच हवा असे 1872 चा अधिनियम म्हणत नाही. व्यवहार झाल्याचा पुरावा बँकेच्या नोंदीत, यूपीआयच्या इतिहासात, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दराच्या आकड्यात, वाळू-सिमेंटच्या दुकानदाराच्या चलनात सापडतो. खरी भीती बाळगायची ती पुरावा नष्ट होण्याची, आणि तो बहुधा घरमालकाच्याच हातून नष्ट होतो. गळती थांबवायच्या घाईत तो आधी दुरुस्ती करतो आणि तक्रारीचा विचार मागाहून सुचतो. एखाद्या स्वतंत्र अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा, हॅमर टेस्ट किंवा कोअर टेस्ट करून घ्यावी, तारखेसह फोटो काढावेत, नोटीस द्यावी, आणि मगच हातोडा चालवू द्यावा.

दर्जा कशावरून ठरवायचा, असा प्रश्न ठेकेदाराचा वकील विचारेलच. काँक्रीटसाठी आयएस 456:2000 हे मानक आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस पाणी मारून ओल राखायची, असे ते सांगते. कडक, कोरड्या हवेत हा काळ आणखी वाढतो. आज गावोगाव मिळणारे सिमेंट बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे असते, आणि पाणी मारले जाते ते तीन-चार दिवस. स्लॅब भरताना मिश्रण पसरायला सोपे जावे म्हणून वरून पाण्याच्या बादल्या ओतल्या जातात, सळईखाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले जातात. हे सारे मोजता येते, दाखवता येते.

भरपाई किती, या प्रश्नाला तर उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. करार अधिनियमाच्या कलम 73 खाली जी उदाहरणे दिली आहेत त्यांतले एक असे: एकाने दुसऱ्याचे घर विशिष्ट पद्धतीने दुरुस्त करण्याचे पत्करून आगाऊ पैसे घेतले, पण काम ठरल्याप्रमाणे केले नाही, तर ते काम ठरल्याप्रमाणे करून घेण्याचा खर्च घरमालकाला वसूल करता येतो. दुसऱ्या उदाहरणात घर इतके वाईट बांधले की मुदतीआधीच ते कोसळते, आणि ते भाड्याने द्यायचे ठरले आहे हे बांधणाऱ्याला ठाऊक असते. तिथे त्याला पुनर्बांधणीचा खर्च, बुडालेले भाडे आणि घरमालकाला भाडेकरूस द्यावी लागलेली भरपाई असे तिन्ही द्यावे लागते. या दोन्ही उदाहरणांत परवान्याचा शब्द नाही. कायदा करणाऱ्यांनी घरबांधणीचा दाखला मुद्दाम घ्यावा आणि आपण दीड शतकानंतर घरमालकाला ‘तुझे काही चालणार नाही’ असे सांगावे, हे मला फार सलते.

जिथे परवान्याची पद्धत खरोखर कडक आहे तिथला कायदा काय म्हणतो तेही पाहू. कॅलिफोर्नियात ठेकेदारांना परवाना देणारे मंडळ 1929 पासून आहे. तिथल्या व्यवसाय संहितेचे कलम 7031 सांगते की बिनपरवाना ठेकेदार आपल्या मजुरीसाठी दावा लावू शकत नाही, आणि घरमालक मात्र त्याला दिलेली सगळी रक्कम परत मागू शकतो. 2010 च्या अलाट्रिस्टे खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले की परवाना नाही हे घरमालकाला आधीपासून ठाऊक असले तरी त्याचा हक्क जात नाही. काम चालू असताना मध्येच परवाना मिळाला म्हणूनही ठेकेदाराला वजावट मिळत नाही. म्हणजे ज्या वस्तुस्थितीवरून आपल्याकडे घरमालकाला गप्प केले जाते, तिच्याच आधारे तिथे त्याला पूर्ण परतावा मिळतो. हा नियम जसाच्या तसा इकडे आणावा, असे मी म्हणणार नाही. परवाना कोणाकडे आहे हे कोणालाही तपासता येईल अशी नोंदवही आधी हवी. ती नसताना पूर्ण परताव्याची शिक्षा प्रामाणिक गवंड्यालाही चिरडेल. शिवाय तिथेही या परताव्यासाठी काम संपल्यापासून एकच वर्ष मिळते. दोष कोणाच्या पदरात टाकायचा, याचा निवाडा मात्र त्यांनी योग्य बाजूने केला आहे.

रूढ मतात थोडे सत्यही आहे, ते नाकारू नये. गवंडी रोजंदारीवर लावला, माल स्वतः आणला, रोज उभे राहून काम स्वतः सांगितले, तर तो व्यक्तिगत सेवेचा करार ठरू शकतो आणि ग्राहक कायद्याबाहेर जातो. उक्ता, चौरस फुटाच्या दराने दिलेला ठेका मात्र आत येतो. ज्याच्या नावावर काहीच नाही अशा ठेकेदाराकडून वसुली कठीण असते, हेही खरे. पण आयोगाचा आदेश न पाळल्यास ग्राहक कायद्याच्या कलम 72 खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा किमान पंचवीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वसुलीसाठी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे जप्तीही करता येते. वसुली अवघड आहे म्हणून हक्कच नाही, असे म्हणता येत नाही.

मुंबईत नोकरी आणि कोकणात घर अशी ज्यांची स्थिती आहे त्यांना तक्रारीसाठी गावाच्या जिल्ह्यात खेपा घालण्याची गरज नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही ती दाखल करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पन्नास लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक हजार रुपये. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. घर गळत असेल तर परवान्याच्या चर्चेत ती घालवू नका. अहवाल घ्या, नोटीस पाठवा आणि तक्रार दाखल करा.