तीन मुसव्विर, तीन वाटा

मुसलमानाचा आणि चित्रकलेचा संबंध काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला जातो. आपल्यातले काही म्हणतात, तसवीर आपल्याकडे मना आहे. बाहेरचे काही म्हणतात, या मातीतल्या चित्रकलेत तुमचे योगदान ते काय? दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात आहेत आणि ती शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

मशिदीच्या भिंतीवर माणसाचे किंवा प्राण्याचे चित्र नसते. तिथे खत्ताती असते, बेलबुट्टी असते, भूमितीच्या आकृत्या असतात. पण ग्रंथात आणि दरबारात चित्रे होती. अहमदनगरच्या हुसेन निजामशहावर लिहिलेली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी सोळाव्या शतकातली. ती आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा संगीतावर जसा फिदा होता तसाच चित्रांवरही. म्हणजे दख्खनचा मुसलमान चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी रंगांशी अनोळखी नव्हता.

तैलरंग मात्र युरोपातून आले. जवसाच्या तेलात कालवलेला हा रंग सावकाश वाळतो. त्यामुळे चित्रकाराला थरावर थर चढवता येतो, झालेले काम पुसून पुन्हा करता येते. आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवरच्या अजिंठ्याची चित्रे वेगळ्या जातीची आहेत. ती मातीच्या कोरड्या गिलाव्यावर काढलेली. या दोन पद्धतींची गाठही अजिंठ्यातच पडली. मद्रास फौजेतला रॉबर्ट गिल १८४४ मध्ये नेमला गेला आणि पुढे वर्षानुवर्षे तो त्या भिंतींच्या नकला तैलरंगात करत राहिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली आग लागली आणि त्यांतली बहुतेक चित्रे जळाली. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने हे काम हाती घेतले. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख होते. १९२० ते १९२२ या काळात इटलीहून जाणकार आणून चित्रांची डागडुजी झाली. सय्यद अहमद यांच्यासारख्या कलावंताने अजिंठ्याच्या नकला करण्यात आणि त्या लेण्यांची देखभाल करण्यात आयुष्य घातले. बुद्धाच्या जातककथांची चित्रे जपणारे हे हात कोणाचे होते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

अजिंठा पाहून आधुनिक तैलचित्रात नवे वळण आणले ते अमृता शेरगिलने. पॅरिसमध्ये शिकलेली, गोगँच्या रंगांनी भारलेली ही तरुणी १९३६ च्या अखेरीस दक्षिणेच्या प्रवासाला निघाली. वाटेत तिने अजिंठा पाहिला. १९३७ मधली तिची ‘ब्राइड्स टॉयलेट’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे पाहावीत. साधन युरोपचे, पण माणसांची संथ बैठक, तांबूस-गेरू रंग आणि झुकलेल्या नजरा अजिंठ्याच्या. बाहेरचे साधन घेऊन घरचे बोलायचे, ही वाट तिने मोकळी केली.

त्याच वाटेवर १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. संस्थापक सहा : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. यांतले दोघे मुसलमान. के. एच. आरा तर आपल्याच जुन्या निजाम राज्यातले, बोलारमचे. मुंबईत घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करत ते चित्रकार झाले. या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले लँगहॅमर, फॉन लायडन आणि श्लेसिंगर. हे तिघे हिटलरच्या काळात युरोप सोडून आलेले. फाळणीने माणसे तोडण्याच्या त्याच वर्षी हा गट जमला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तय्यब मेहता पुढे याच मंडळींचे सोबती झाले. हुसेन, रझा आणि तय्यब या तिघांची चित्रे शेजारी ठेवली की एकाच प्रश्नाची तीन उत्तरे दिसतात.

मकबूल फिदा हुसेन १९१५ चे, जन्म पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून त्यांनी पोट भरले. १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात त्यांनी मथुरेची शिल्पे आणि बसोहलीची लघुचित्रे पाहिली. शिल्पांकडून त्यांनी देहाची ठेवण घेतली आणि बसोहलीकडून सपाट, भडक रंग. पिकासोकडून आकार मोडण्याची हिंमत घेतली. १९५४ ची ‘ग्रामयात्रा’ आणि १९५५ ची ‘जमीन’ ही लांबलचक चित्रे आहेत. त्यांत गाव एका नजरेत मावत नाही. ओवी पुढे सरकावी तसे ते दृश्यामागून दृश्य उलगडत जाते. १९५६ च्या ‘बिटवीन द स्पायडर अँड द लॅम्प’मध्ये पाच स्त्रिया उभ्या आहेत. एकीच्या हातून कोळी लोंबतो आहे आणि वर न वाचता येणारी अक्षरे आहेत. हुसेन दीड-दोन वर्षांचे असतानाच आई वारली. तिचा फोटोही नव्हता. त्यांच्या मदर तेरेसांना चेहरा नाही, त्याचे मूळ इथे आहे.

सय्यद हैदर रझा १९२२ चे, मंडला जिल्ह्यातल्या जंगलातले. शिक्षण नागपूरला आणि जे. जे. मध्ये. काश्मीरमध्ये १९४८ साली छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने त्यांना बजावले की चित्रात बांधणी हवी, सेझान पाहा. १९५० मध्ये ते पॅरिसला गेले. पन्नाशीच्या दशकातली त्यांची फ्रेंच गावांची आणि चर्चची तैलचित्रे जाड थरांची आहेत. पुढे अमेरिकेत त्यांनी रॉथको पाहिला. नंतर ते तैलरंग सोडून ॲक्रिलिककडे वळले आणि शेवटी बिंदूवर येऊन थांबले. हा बिंदू त्यांना शाळेने दिला होता. चंचल पोराचे लक्ष लागत नाही म्हणून नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितले. मी शिक्षक आहे, म्हणून ही हकिकत मला कुठल्याही समीक्षेपेक्षा मोलाची वाटते. भाऊ पाकिस्तानात गेले, रझा फ्रान्समध्ये साठ वर्षे राहिले, पण नागरिक भारताचेच राहिले. २०१६ मध्ये त्यांना मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन करण्यात आले.

तय्यब मेहता १९२५ चे, दाऊदी बोहरा घरातले. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका तरुणाला ठेचून मारताना त्यांनी खिडकीतून पाहिले. ते दृश्य जन्मभर त्यांच्यासोबत राहिले. १९५६ च्या ‘ट्रस्ड बुल’मध्ये पाय बांधलेला बैल आहे, १९६५ च्या ‘फॉलिंग फिगर’मध्ये कोसळणारा माणूस. लंडनच्या मुक्कामात फ्रान्सिस बेकनची वेदना त्यांना जवळची वाटली. न्यूयॉर्कला १९६८ मध्ये बार्नेट न्यूमनची सपाट रंगपटले पाहिली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या चित्राला तिरकी रेघ पडली. त्या रेघेच्या दोन बाजूंना एकच देह तुटून पडलेला असतो. तिला कोणी फाळणी म्हणो वा न म्हणो, पाहणाऱ्याला चर्र होतेच. कसाईखान्याचा बैल रंगवणाऱ्या याच हाताने पुढे महिषासुर आणि कालीही रंगवल्या.

म्हणजे हुसेन गर्दीकडे गेले, रझा एका ठिपक्याकडे आणि तय्यब एका जखमेकडे. पिकासो, सेझान, बेकन यांच्याकडून तिघांनी शिकून घेतले. पण जे रंगवले ते पंढरपूरचे, मंडल्याचे आणि मोहम्मद अली रोडचे होते. उसनवारी आणि असर यांत हाच फरक आहे.

आता किमतींच्या बातम्या येतात. २०२५ च्या मार्चमध्ये ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटी रुपयांना गेली, एप्रिलमध्ये ‘ट्रस्ड बुल’ ६१.८ कोटींना. पण त्याच हुसेनना २००६ मध्ये देश सोडावा लागला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ साली त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परतू शकले नाहीत. २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. आणि आपणही हात झटकू नयेत. २००४ मध्ये त्यांच्या ‘मीनाक्षी’ चित्रपटातल्या एका गाण्यावर आपल्याच उलेमांच्या संघटनेने हरकत घेतली आणि तो चित्रपट थिएटरांतून काढून घ्यावा लागला. एका मुसव्विराला दोन्हीकडून दार लावले गेले.

शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आली की एखादे वडील विचारतात, ‘‘सर, बच्चों से तसवीरां कायकू निकलवाते?’’ त्यांच्या श्रद्धेचा मान राखूनच उत्तर द्यावे लागते. ज्यांना माणसाचे चित्र नको, त्यांच्या मुलाने बीबी का मकबऱ्याची जाळी काढावी, कूफी अक्षरे गिरवावीत, एक ठिपका काढावा. ठिपक्यापासूनही किती दूर जाता येते, हे रझांनी दाखवले आहे. हातातला ब्रश मात्र काढून घेऊ नये. वर्षातून एकदा मुलांना अजिंठ्याला न्यावे, आणि तिथे बुद्धाच्या गोष्टीबरोबरच सय्यद अहमदांचे नावही सांगावे.