हौदातले मासे आणि काठावरचा बगळा

माझ्या माहुलच्या घरामागं एक सिमेंटचा हौद आहे. पाणी साठवायला वडिलांनी बांधलेला. पुढं त्याची गरज उरली नाही, तो कोरडा पडला. तीन वर्षांपूर्वी मी त्यात पाणी भरलं आणि मासे सोडले. पंचवीस-तीस गप्पी आणि आठ गोल्डफिश. सकाळी चहाचा कप घेऊन त्या हौदाशी बसायचं, हा माझा नेम झाला. कविता लिहिणाऱ्या माणसाला असलं काही तरी निमित्त लागतंच.

एके दिवशी आठाचे सहा झाले. चार दिवसांनी पाच. मांजरावर संशय घेतला, तो खोटा ठरला. चोर होता वंचक. तोच तो भुरा बगळा, ज्याला आपल्याकडं ढोकरी असंही म्हणतात. हा पक्षी बसलेला असताना मातीच्या रंगात मातीसारखा दिसतो आणि उडाला की एकदम पांढराशुभ्र होतो. वंचक म्हणजे फसवणारा. आपल्या भाषेनं नाव ठेवतानाच त्याच्यावर आरोपपत्र दाखल करून ठेवलं आहे!

मी बाजारातून नायलॉनचं जाळं आणलं आणि हौदावर पसरलं. तिसऱ्या दिवशी पहाटे फडफड ऐकू आली. बगळा जाळ्यात अडकला होता. एक पंख पिळवटलेला, पायात धागा रुतलेला. पत्नीनं त्याच्यावर ओला टॉवेल टाकला, मी कात्रीनं एकेक धागा कापत गेलो. सुटल्यावर तो भिंतीवर बराच वेळ नुसता बसून राहिला. मग उडाला, पण तिरपा. त्या दिवशी मला चहा गेला नाही. मासे वाचवायला निघालो आणि जीव दुसऱ्याचाच जाणार होता.

शेजारच्या कोळीवाड्यातल्या मावशी आल्या. जाळं पाहून हसल्या. म्हणाल्या, "भाई, ढिलं जालं धरतं, ताणलेलं जालं राखतं." जिचा सारा जन्म जाळी विणण्यात गेला, तिनं एका वाक्यात मला माझी चूक सांगितली. मग हौदात डोकावून त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. आतल्या पायरीवर बगळ्याला उभं राहता येतं, तेव्हा पायरी बुडून वर हातभर राहील इतकं पाणी भर. आणि तळाला फुटकी मडकी आडवी टाक, माशांना लपायला घर हवं.

हे मडक्यांचं ऐकलं आणि मला इटलीतलं पाँपेई आठवलं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे शहर. तिथल्या काही घरांच्या अंगणातल्या हौदांमध्ये भिंतीत मातीचे रांजण आडवे बसवलेले सापडले आहेत, माशांना आत शिरून बसता यावं म्हणून. त्याच शतकातला कोलुमेला हा रोमन लेखक शेतीवरच्या आपल्या ग्रंथात मत्स्यकुंडांविषयी लिहितो. माशांना उन्हापासून आसरा मिळावा म्हणून काठाच्या भिंतीत कपारी ठेवाव्यात, असा त्याचा सल्ला आहे. कोलुमेलाला माहुल ठाऊक नव्हतं आणि मावशींना कोलुमेला. पण पाण्याशी संसार केलेली माणसं एकाच उत्तराशी पोचली.

इतिहासात दुसरंही एक उत्तर सापडतं. इंग्लंडमध्ये 1566 साली, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, उपद्रवी प्राण्यांविरुद्ध एक कायदा झाला. धान्य खाणाऱ्या पाखरांबरोबर मासे खाणाऱ्या जीवांचीही नावं त्याच्या यादीत होती. खंड्या मारून त्याचं डोकं आणा, पैसे घ्या. पाणमांजराचं आणा, पैसे घ्या. हे पैसे गावच्या वर्गणीतून दिले जात. शेकडो वर्षं हे चाललं. ज्या पाणमांजराच्या डोक्यावर बक्षीस होतं, त्याच पाणमांजराला 1978 मध्ये इंग्लंडला कायद्यानं संरक्षण द्यावं लागलं, कारण ते बहुतेक ठिकाणांहून नाहीसं होत चाललं होतं.

आता आपल्याकडं वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचं एक प्रकरण आहे. ज्यांना इजा होऊ द्यायची नाही अशा जीवांची यादी त्यात दिली आहे. समुद्रातले चित्रविचित्र आकारांचे मासे, सरोवरं, नद्या, तळी आणि कालवे यांतले मासे त्यात येतात. आणि लगेच पुढं पक्षी येतात, क्रौंच, उत्क्रोश, हंस, चक्रवाक. यातला उत्क्रोश म्हणजे मासे धरणारा कुरर, असा अर्थ सहसा लावला जातो. म्हणजे मासा आणि मासा खाणारा, दोघं एकाच यादीत! कौटिल्य काही भाबडा नव्हता. त्याच ग्रंथात तो मासेमारीवर राजाचा वाटाही लावतो. आणि ग्रंथात लिहिलं ते प्रत्यक्षात किती घडलं, हा प्रश्न वेगळाच. पण ती यादी करणाऱ्याला या दोन नावांत विरोध वाटला नाही, एवढं मला पुरे आहे.

बगळ्याची बदनामी मात्र आपण मन लावून केली. पंचतंत्रातली गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हातारा बगळा माशांना सांगतो, तळं आटणार आहे, मी तुम्हाला दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडतो. एकेकाला नेतो आणि खातो. शेवटी खेकडा त्याची मान आवळतो. ही गोष्ट सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारी पहलवी भाषेत गेली. आठव्या शतकात इब्न अल मुकफ्फा यानं तिचं अरबी केलं, 'कलीला व दिम्ना' या नावानं. अकबराच्या सांगण्यावरून अबुल फजलनं फारसीत 'इयार-ए-दानिश' लिहिलं, तेही याच परंपरेतलं. माझ्या आजीनं ही गोष्ट मला कलीलाची म्हणून सांगितली, शाळेत बाईंनी पंचतंत्राची म्हणून. बगळा दोन्हीकडं तोच. पण नीट पाहा, गोष्टीतल्या बगळ्याचा गुन्हा मासे खाण्याचा नाहीच. गुन्हा आहे राखणदार असल्याचं सोंग घेण्याचा. माझ्या हौदावरच्या बगळ्यानं असलं सोंग कधी घेतलं नव्हतं. राखणदार म्हणवून घेत होतो तो मी.

खरी राखण कशी असते, ते मी लहानपणी पाहिलं होतं, फक्त ओळखलं नव्हतं. वडील मला मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जुम्मा मशिदीत नेत. ते वजू करायचे आणि मी पाण्यातले मासे पाहत राहायचो. पुढं मुंबई शहराच्या 1909-10 सालच्या गॅझेटिअरमध्ये त्या पाण्याची हकिकत वाचली. मशिदीच्या आधी तिथं तळं होतं. जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. त्यानं मशिदीला जागा दिली, पण अट घातली की तळं आहे तसंच राखायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू झालं आणि 1802 मध्ये मशीद पुरी झाली. ती उभी आहे तळ्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानींवर. तळाला जिवंत झरे आहेत. सोनेरी-रुपेरी मासे आणि कासवं यांची नोंदही गॅझेटिअरनं केली आहे. त्या व्यापाऱ्यानं कोणाला मारायला सांगितलं नाही. पाणी राखा, एवढंच सांगितलं.

मुंबईचं बाकीचं पाणी इतकं नशीबवान नव्हतं. मलेरियाची साथ बळावली तेव्हा डॉक्टर बेंटली यांनी तपास केला, आणि 1911 च्या त्यांच्या अहवालात बोट दाखवलं ते घरोघरच्या विहिरींकडं. मलेरियाचे डास तिथं वाढत होते. विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम निघाली. धर्माच्या कारणानं काहींनी विरोध केला, तेव्हा काही विहिरींना जाळीची झाकणं लावून त्या राखल्या गेल्या. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आजही पालिका टाक्यांत, हौदांत सोडते. मासा तिथं नोकरीवर आहे म्हणा ना! मात्र हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. बंद हौदात तो उपकारी, पण तळ्यात-ओढ्यात सोडला तर इथल्या माशांच्या मुळावर येतो. तेव्हा तेवढं भान ठेवायला हवं.

आमच्या माहुलनंही पाणी आक्रसताना पाहिलं आहे. 1954-55 मध्ये या भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि गावाचं रूप पालटलं. तरी खाडीचा चिखल उरला, आणि 1990 च्या दशकापासून त्यावर हजारो रोहित पक्षी येऊ लागले. ते मासे पळवतात, असं मला पाहुणे विचारतात. नाही पळवत. ते चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. पलीकडच्या ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. रोहिताच्या कौतुकाला गाड्या करून लोक येतात. त्याच चिखलात उभ्या असलेल्या वंचकाकडं कोणी दुर्बीण वळवत नाही. कायद्याला मात्र दोघं सारखे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बगळा मारणं हाही गुन्हाच आहे.

मी हौद काठोकाठ भरला. तळाला पाच मडकी आडवी टाकली. लाकडी चौकट करून त्यावर जाळं ताणून बसवलं, पाण्यापासून वीतभर वर, आणि मावशींनी बोटानं वाजवून ते पास केलं. गोल्डफिश तीन उरले होते, ते तिन्ही आज आहेत.

बगळाही येतो. तोच की दुसरा, सांगता येत नाही. उडताना थोडा तिरपा जातो असं मला वाटतं, पण तो माझ्या मनाचा खेळही असेल. भिंतीवर बसून खाली पाहतो. मग खाडीच्या दिशेनं निघून जातो. मी त्याला हाकलत नाही. तुमच्या दारी असा हौद असेल आणि त्यावर जाळं असेल, तर आज एकदा बोटानं वाजवून पाहा. ढिलं असेल तर ताणून घ्या.