नीरी आणि स्वच्छ पर्यावरणाचा हक्क

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) ही वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची नागपूर येथील संस्था आहे. १९९० च्या दशकात तिच्या पाहणी अहवालांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने अनेक महत्त्वाचे निर्णय दिले. स्वच्छ पर्यावरणाच्या हक्काला भारतात प्रत्यक्ष रूप मिळण्यास त्यांची मदत झाली.

पार्श्वभूमी

संस्थेची स्थापना १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीच्या संशोधनासाठी झाली. १९७४ साली तिला सध्याचे नाव मिळाले. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ (छ) समाविष्ट झाले. प्रदूषणमुक्त हवा व पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने सुभाष कुमार खटल्यात (१९९१) म्हटले.

बिछडी खटला

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी गावाजवळ एच-अ‍ॅसिड तयार करणाऱ्या कारखान्यांचा विषारी गाळ उघड्यावर टाकला जात असे. तो जमिनीत मुरून विहिरींचे पाणी पिण्यास व शेतीस निरुपयोगी झाले. न्यायालयाच्या सूचनेवरून नीरीने माती व भूजलाची पाहणी केली आणि शुद्धीकरणाच्या खर्चाचा अंदाज दिला. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यायालयाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लागू केले. तथापि कारखानदारांच्या अर्जांमुळे वसुली रखडली. २०११ साली न्यायालयाने सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश दिला.

अन्य खटले

तमिळनाडूतील चर्मोद्योग (वेल्लोर खटला), किनारपट्टीवरील कोळंबीसंवर्धन आणि ताजमहाल परिसरातील उद्योग यांविषयीच्या १९९६ च्या निकालांतही नीरीच्या अहवालांचा आधार घेण्यात आला. वेल्लोर खटल्यात सावधगिरीचे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग ठरले.

आंतरराष्ट्रीय संदर्भ

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वच्छ, आरोग्यदायी व शाश्वत पर्यावरणाचा हक्क मान्य केला. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला. जुलै २०२२ मध्ये आमसभेने तसाच ठराव संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. असे ठराव बंधनकारक नसतात. युद्धकाळासाठी १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा प्रोटोकॉलमधील कलमे ३५ व ५५ निसर्गाची व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर हानी करण्यास मनाई करतात. भारत या प्रोटोकॉलचा पक्षकार नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्ततेचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला.