गोळ्या नको म्हणणाऱ्या मुली

गटाची बैठक, हप्ता, रजिस्टर हे आपलं नेहमीचंच आहे. आज आम्ही तुम्हाला जरा लांब नेणार आहोत, अमेरिकेतल्या शिकागो शहरात, आणि तेही सव्वाशे वर्षांहून मागे. हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र इकडे द्या.

साल १८८९. नाताळचा सण. शिकागोच्या कामगार वस्तीत एका मोठ्या जुन्या घरात आजूबाजूची पोरं जमली होती. घरातल्या बायका सगळ्यांना गोळ्या वाटत होत्या. पोरांना गोळ्या म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको. पण काही लहान मुलींनी हात मागे घेतले. का गं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या की आम्ही गोळ्यांच्याच कारखान्यात कामाला जातो, आता त्या डोळ्यांसमोरही नको वाटतात. चौकशी केल्यावर कळलं की सणाची मागणी पुरी करायला या मुली सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. म्हणजे रोजचे चौदा तास.

हे वाचलं त्या दिवशी आम्ही बराच वेळ गप्प होतो. अमेरिका म्हटलं की आपल्याला उंच इमारती आणि डॉलर आठवतात. ती श्रीमंती ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांत हे लहान हातही होते.

तो काळच तसा होता. १८६९ मध्ये अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत रेल्वे जोडली गेली. कोळसा, लोखंड, धान्य, जनावरं, सगळं रेल्वेने हलू लागलं. शिकागो हा त्या रेल्वेचा मोठा नाका. तिथे कत्तलखाने, कापड शिवण्याचे कारखाने, यंत्रांचे कारखाने उभे राहिले. १८८० मध्ये शहराची वस्ती पाच लाख होती, दहा वर्षांत ती अकरा लाखांच्या घरात गेली. दहा वर्षांत दुप्पट! घरं, पाणी, गटारं, शाळा मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत.

ही माणसं आली कुठून? जर्मनी, आयर्लंड, इटली, पोलंड, रशिया, बोहेमिया. कुणाची शेती पिकेना, कुणाला जमीनच नव्हती, रशियातल्या ज्यू लोकांवर हल्ले होत होते. एका दशकात, १८८१ ते १८९० मध्ये, पन्नास लाखांहून जास्त माणसं बोटीने अमेरिकेत उतरली. १८९२ च्या पहिल्या तारखेला न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं सरकारी ठाणं सुरू झालं. तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती होती ॲनी मूर, आयर्लंडची सतरा वर्षांची मुलगी. धाकट्या दोन भावांना घेऊन ती आई-वडिलांकडे निघाली होती.

पण हे दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ज्या चिनी मजुरांनी डोंगर फोडून रेल्वे टाकली, त्यांनाच १८८२ च्या कायद्याने देशात यायला बंदी झाली. राबायला हात हवेत, पण शेजारी म्हणून माणूस नको, ही रीत आपल्यालाही अनोळखी नाही.

आता त्या वस्तीतल्या बायकांकडे वळू. कारखान्यातून कापलेले कपडे घरी यायचे, बाया घरी बसून शिवायच्या. पैसे नगावर मिळत. एका घरात चार वर्षांची मुलगी आईच्या पायाशी बसून तासन् तास कपड्यांचे कच्चे टाके उसवत होती. ज्या आया बाहेर कामाला जात, त्यांना पोरं घरात कोंडून जावं लागे. शेजारच्या त्या घरातल्या बायकांना सुरुवातीलाच अशी तीन पोरं भेटली. एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलं होतं, एक भाजलं होतं, आणि एकाचा कणा वाकला होता, कारण आई कामावरून येईपर्यंत ते दिवसभर टेबलाच्या पायाला बांधलेलं असे. त्या आईला नावं ठेवू नका. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी बाई पोराला कुठे ठेवते, ते आपण पाहतोच.

आता हे 'ते घर' कोणतं? त्याचं नाव हल हाउस. जेन ॲडम्स आणि एलन स्टार या दोन मैत्रिणींनी १८ सप्टेंबर १८८९ रोजी ते सुरू केलं. दोघीही शिकलेल्या. त्यांनी ठरवलं की गरिबांना मदत करून आपल्या घरी परत जायचं नाही, त्यांच्या वस्तीतच शेजारी म्हणून राहायचं. तिथे पाळणाघर, बालवाडी, रात्रीचे वर्ग, आंघोळीची सोय, असं एकेक सुरू झालं.

इथे आम्हाला आपल्या पंडिता रमाबाईंची आठवण झाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ तिथे फिरल्या. तिथल्या बायका संघटना करतात, वर्गणी काढतात, सभा चालवतात, हे त्यांनी बारकाईने पाहिलं आणि परत आल्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ निघालं, आणि तिकडच्या लोकांच्या वर्गणीच्या आधारावर मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. त्यानंतर सहाच महिन्यांनी शिकागोत हल हाउस उघडलं. दोन वेगळे देश, दोन वेगळी दुखणी, पण बायकांनी बायकांसाठी उघडलेली ही दोन दारं एकाच सालची.

हल हाउसची एक गोष्ट तर थेट आपल्या गटासारखी आहे. बुटांच्या कारखान्यातल्या मुलींनी संप केला. तेव्हा दिसलं की सगळ्यात आधी माघार घेतात त्या भाड्याने राहणाऱ्या मुली. मजुरी बंद झाली की खोलीचं आणि जेवणाचं कोण भरणार? मग एक जण म्हणाली, आपलंच राहायचं घर असलं तर? एक अडली तर बाकीच्या तिला सांभाळून घेतील. १ मे १८९१ ला हे घर सुरू झालं. हल हाउसने पहिल्या महिन्याचं भाडं दिलं आणि सामान दिलं, बस, पुढे काही नाही. दर आठवड्याला प्रत्येकीचे तीन डॉलर. त्यातून भाडं, जेवण, दिवाबत्ती, सगळं. वर देखरेखीला कुणी मॅडम नाही, पदाधिकारी मुलींनीच मुलींतून निवडायच्या. तीन वर्षांत त्या इमारतीतली सहाही बिऱ्हाडं त्यांनी घेतली आणि सभासद पन्नास झाल्या. बचत म्हणजे नुसता पैसा नव्हे, वेळ आली तर नाही म्हणण्याची ताकद. आमच्या मते गटाचं मर्म हेच आहे.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. वस्तीत गल्लोगल्ली लाकडी खोक्यांतून कचरा सडायचा, ठेकेदाराच्या गाड्या वेळेवर येत नसत, पोरं मरायची. हल हाउसच्या महिला मंडळातल्या बारा जणी पुढे आल्या. दिवसभर घरकाम करून, उन्हाळ्याच्या संध्याकाळी त्या गल्ल्यांतून फिरायच्या आणि कुठे काय दिसलं ते टिपायच्या. दोन महिन्यांत त्यांनी आणि हल हाउसमधल्या बायकांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी लेखी पाठवल्या. तरी पुरतं सुटेना. तेव्हा १८९५ मध्ये जेन ॲडम्स यांनी वॉर्डाचा कचरा उचलण्याचं टेंडरच भरलं! ते तांत्रिक कारणाने बाद झालं, पण महापौरांनी त्यांना कचरा निरीक्षक नेमलं. मग पहाटे सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे जाऊ लागल्या. एका बोळात तर दीड फूट घाणीखाली फरसबंदी रस्ता सापडला. मृत्यूंच्या यादीत शहरात तिसऱ्या क्रमांकावर असलेला त्यांचा वॉर्ड सातव्यावर आला.

आता तिसरी गोष्ट. ही सोपी नाही. १८९१ च्या डिसेंबरात फ्लॉरेन्स केली हल हाउसमध्ये आल्या. नवऱ्याचा छळ सोसून, तीन लेकरं घेऊन त्या बाहेर पडलेल्या. घरोघरी जाऊन त्यांनी शिवणकामगारांची पाहणी केली. त्यातून १८९३ मध्ये इलिनॉय राज्यात कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात कामाला ठेवायचं नाही, बायकांना दिवसाला आठ तासांवर राबवायचं नाही. केली यांनाच मुख्य कारखाना निरीक्षक केलं आणि हाताखाली अकरा निरीक्षक दिले. त्याच सुमारास शहरात देवीची साथ आली, तर ज्या घरात देवीचा रोगी त्याच घरात विक्रीचे कपडे शिवले जातात, हे त्यांनी उघड केलं.

मालक चिडले, यात नवल नाही. पण वस्तीतल्या कित्येक आयाही चिडल्या. पोराची मजुरी बंद झाली तर चूल कशी पेटायची? नवरा गेलेल्या बाईला तर तेवढाच आधार. या कायद्याने काही घरांचे हाल होतील, हे जेन ॲडम्स यांनाही ठाऊक होतं आणि ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आमच्या एका गटात मुलींना शाळेतून काढू नका, असं आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेव्हा एक ताई उठून म्हणाल्या, "तुम्ही सांगता ते बरोबर हाय. पण माझ्या पोरीची रोजची मजुरी तुमचा गट देणार का?" बैठक शांत झाली. आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

शिकागोत काय झालं ते पाहा. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. बाईने किती तास काम करावं हा तिचा आणि मालकाचा करार आहे, त्यात सरकारने पडू नये, असं न्यायालयाचं म्हणणं. जणू मालक आणि शिवणारी बाई सारख्याच बळाच्या! मुलांच्या वयाचं कलम मात्र टिकलं. आणि त्या आयांच्या प्रश्नाचं उत्तर? ते यायला अठरा वर्षं लागली. १९११ मध्ये इलिनॉयने कायदा केला की पोरं पोटाशी असलेल्या, आधार नसलेल्या आईला घरीच सरकारी पैसे मिळावेत. अमेरिकेत असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत ते होतं. म्हणजे बंदी आधी आली, आधार फार मागून. मधल्या अठरा वर्षांत किती घरांनी सोसलं असेल, याचा हिशेब कुठल्या रजिस्टरात नाही.

म्हणून त्या ताईंचा प्रश्न अडवणुकीचा नव्हता, कायदा अर्धाच आहे हे सांगणारा होता. पुढच्या बैठकीत आम्ही तो गटापुढे ठेवला. गावात किती मुलींची शाळा सुटली आणि घरात कमावतं माणूस कोण, याची यादी केली. निराधार योजनेचे आणि बालसंगोपनाचे अर्ज कुणाचे भरता येतील ते पाहिलं. तीन अर्ज भरले, पोच घेतली. त्या ताईंची लेक परत शाळेत जाते, पण सुट्टीच्या दिवशी अजून खुरपायला जाते. एवढंच झालंय, हेही खरं सांगतो.

तुमच्या गटात ही गोष्ट वाचून दाखवा. मग वही घेऊन, बारा नाही तर चार जणी, एक संध्याकाळ गावातून फिरून या. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते याच कार्यक्रमात वाचून दाखवू.