नोंदवहींतील एक ओळ

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाची बांधणी, घंटा, वेदी आणि उदार दाते यांचें स्मरण होत असतें, व तें योग्यच आहे. परंतु धर्मगुरूंच्या कपाटांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यु यांच्या ज्या वह्या असतात, त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. या वह्यांची योग्यता केवढी आहे, हें इंग्लंडांतील एखाद्या साध्या खेडवळ घराण्याचा माग काढूं लागलें म्हणजे कळून येतें. त्या देशांतील एका खेड्याशीं आम्हां मराठी कॅथलिकांचें विशेष नातें आहे. तें अखेरीस सांगूं.

सरदारांच्या वंशावळी लिहावयास माणसें असतात. शेतमजुराची वंशावळ कोणी लिहीत नाहीं. तिचा शोध करणाऱ्यानें ज्ञातापासून अज्ञाताकडे, एक एक पिढी मागें जावें. इंग्लंडांत सरकारी जन्ममृत्युनोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. पुढें १८५१ च्या खानेसुमारींत प्रत्येक मनुष्य कोणत्या पॅरिशांत जन्मला हें लिहिलें गेलें. समजा, विल्टशर परगण्यांतील एका मजुराचें जन्मस्थान तेथें सांपडलें. आतां त्या गांवच्या देवळाची वही उघडावयाची.

१८१३ पासूनच्या वह्या छापील रकान्यांच्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईबापांचीं नांवें, राहण्याचें ठिकाण व बापाचा धंदा हें सर्व मिळतें. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखालीं वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या आहेत. ज्यांस लिहितां येत नसे त्यांनीं क्रूसाची खूण केलेली दिसते. त्याहून मागें गेलें कीं वाट बिकट होते. कोठें केवळ “विल्यमचा मुलगा जॉन” एवढेंच असतें, कोठें विल्यमचा लॅटिन “गुलिएल्मुस” झालेला असतो. १७५२ पूर्वीं वर्षारंभ २५ मार्चला धरीत, म्हणून १७०० सालचा म्हणून लिहिलेला फेब्रुवारी हा आमच्या गणनेनें १७०१ चा होय. एकाच घरांत एका नांवाचीं दोन मुलें आढळलीं तर मृत्यूची वही पाहावी. बहुधा पहिलें बालपणींच गेलेलें असतें, आणि तेंच नांव दुसऱ्यास दिलेलें असतें. १६४२ नंतरच्या यादवीच्या काळांत तर कित्येक गांवच्या वह्या वर्षानुवर्षें कोऱ्या राहिल्या. माणूस गांव सोडून गेला असेल, तर १६६२ च्या निर्वाह-कायद्यामुळें झालेले कागद उपयोगीं पडतात. कारण परगांवीं गेलेल्या गरिबाचा भार कोणत्या पॅरिशानें सोसावा, याची चौकशी होत असे. दारिद्र्यानेंच त्याचें नांव राखून ठेविलें!

या वह्यांचा आरंभ ५ सप्टेंबर १५३८ रोजीं थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें झाला. हा नव्या कराचा डाव असावा, अशी लोकांस धास्ती पडली होती. पुढें १५९८ सालीं जुन्या कागदी वह्या चर्मपत्रांवर उतरून घेण्याची आज्ञा झाली, आणि विशेषेंकरून १५५८ पासूनच्या नोंदी उतराव्या असें ठरलें. म्हणून पुष्कळ गांवांत त्यापूर्वींचीं पानें उरलींच नाहींत. कॅथलिक जगांत ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं विवाहाची वही ठेवणें हें प्रत्येक धर्मगुरूचें कर्तव्य ठरविलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वहीचें मौनहि बोलतें. १७५४ पासून १८३७ पर्यंत इंग्लंडांत कॅथलिकांसहि कायदेशीर विवाहाकरितां राजमान्य चर्चांतच जावें लागे. केवळ क्वेकर व यहुदी यांस सूट होती. म्हणून एखाद्या जोडप्याचा विवाह गांवच्या वहींत सांपडतो, पण मुलांचा बाप्तिस्मा मात्र सांपडत नाहीं. नवशिका शोधक म्हणेल, हीं निःसंतान वारलीं. तसें नसेलहि! मुलांचा बाप्तिस्मा एखाद्या खोलींत, दार लावून, आपल्या धर्मगुरूच्या हातून झालेला असूं शकेल. १६०६ च्या कायद्यानें अशा बापास १०० पौंड दंड सांगितला होता. अशा वेळीं नांवांची वही ठेवणें म्हणजे सर्वांविरुद्ध पुरावा तयार करणें. त्यामुळें तेथील कॅथलिक वह्या बहुतेक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्याच आहेत. त्याआधींचीं नांवें कोठें शोधावीं? १५९२ पासूनच्या सरकारी दंडपटांत! ज्यांनीं त्यांस शासन केलें, त्यांच्याच दप्तरानें त्यांची निष्ठा जतन केली.

आतां तें खेडें. ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे विल्टशरमधील क्लिफ पायपर्ड पॅरिशांतल्या बुश्टन गांवचे. १५७५ सालीं ते रोम येथें येशूसंघांत शिरले, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले, आणि १० नोव्हेंबरला त्यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. त्यांचें पुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें, व १६१९ सालीं त्यांनीं देह ठेविला. पण जन्म? “सुमारें १५४९.” ज्यांनीं आम्हांस हजारों ओव्या दिल्या, त्यांच्या बाप्तिस्म्याची एक ओळ आम्हांपाशीं नाहीं.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, बाप्तिस्म्याच्या वेळीं आम्ही आजोबांचें नांव वा आईचें माहेर विचारतों, तेव्हां “कांहींहि लिहा, फादर” असें उत्तर कधीं कधीं येतें. कृपा करून असें म्हणूं नका. नांव नीट सांगा, लिहिलेलें वाचून पाहा, आणि घरांतील वृद्धांस विचारून पूर्वजांचीं नांवें आजच टिपून ठेवा. इंग्लंडांतील त्या मजुरानें एका खुणेपलीकडे कांहीं लिहिलें नाहीं; तरी देवळाच्या वहीमुळें त्याचे वंशज आज त्यास नांवानें ओळखतात आणि त्याच्या आत्म्याकरितां प्रार्थना करूं शकतात. आमच्या मुलांच्या मुलांसहि हें भाग्य लाभो. अस्तु.