परसातले भेदरे

१५३४ साली आमचे माहीम पोर्तुगिजांकडे गेले. मूळचा दक्षिण अमेरिकेतला टोमॅटो त्यांच्याच गलबतांतून भारतात आला, असे मानतात. विदर्भाने त्याला ‘भेदरे’ म्हणून आपलेसे केले. त्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून जुन्या वाणाचे लेकरू आईवर जाते. संकरित वाणाच्या बियांत हे सातत्य उरत नाही. असे गावरान बी राखणाऱ्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. माहीमच्या वाड्या गेल्या, तरी गॅलरीतील कुंडीत हा वारसा मावतो. पिकल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवावा, बी धुऊन सावलीत वाळवावे, निम्मे शेजारी द्यावे. आम्हांला वाटते, स्वतःपुरते राखलेले बी एका पावसाळ्यात नासेल. वाटलेले कुठेतरी उगवेलच.