वनौषधींची अर्कपरीक्षा

परंपरेने औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींचे अर्क जंतूंची वाढ रोखतात का आणि ऑक्सिडीकरणाला आवर घालतात का, हे प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत. खर्च बेताचा आणि निकाल डोळ्यांना दिसणारा, त्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पांत ती फार चालते.

ठाणे जिल्ह्यात तिच्यासाठी कच्च्या मालाची वाण नाही. जिल्ह्यातल्या शीळफाट्याच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, पूर्वेकडे मलंगगडाची रांग. जिल्ह्याच्या पानझडी जंगलात कुडा, बेहडा, निर्गुंडी, गुळवेल आढळतात. शहापूरचे कातकरी तरुण तर वन धन योजनेतून गुळवेल गोळा करून विकतात.

पहिली पायरी अर्काची नव्हे, ओळखीची. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हे तपासलेच नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद मिटो न मिटो, फांदी, पान, फूल असलेला वाळवलेला नमुना जपून ठेवण्याचे महत्त्व त्यातून कळते. मुंबईत असे नमुने पडताळायला सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमकडे जातात.

नमुना सावलीत वाळवून, कुटून, पाणी, मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये त्याचा अर्क काढतात. ऑक्सिडीकरणरोधासाठी डीपीपीएच हे जांभळे रसायन वापरतात. मार्सडेन ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ही चाचणी मांडली. अर्काने रसायनाला हायड्रोजन दिला की रंग पिवळट पडतो आणि ५१७ नॅनोमीटरला प्रकाशशोषण किती घटले ते मोजतात. तुलनेला ‘क’ जीवनसत्त्व असते. हिरडा, बेहडा, आवळा इथे हमखास चमकतात, कारण त्यांत टॅनिने भरपूर. मात्र काचेच्या नळीत रंग उडाला म्हणजे शरीरातही तेच घडेल, असे नाही. पचन, शोषण आणि यकृतातले बदल मध्ये येतात.

जंतुरोधासाठी आगर या जेलीसारख्या माध्यमाच्या बशीवर जंतू पसरवून त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात किंवा आगरात भोक पाडून अर्क ओततात. अर्काने जंतू रोखले, तर रात्रभर उबवल्यावर भोवती स्वच्छ वलय दिसते. या वलयाचे नको तितके कौतुक होते. त्याचा व्यास अर्काच्या ताकदीइतकाच तो आगरात किती पसरतो यावरही ठरतो; शिवाय नुसत्या मिथेनॉलची चकती शेजारी नसेल तर श्रेय कोणाचे, हे सांगता येत नाही. म्हणून वाढ थांबवणारी किमान मात्रा काढणे अधिक भरवशाचे. स्टॅफिलोकोकस ऑरिअससारखे ग्रॅम-धन जंतू सहसा लवकर नमतात, ई. कोलायला बाह्य पटलाचे जादा कवच असते.

या दोन चाचण्यांत नापास झालेली वनस्पती निरुपयोगी ठरत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तो रुग्णांवरील अनुभवातून. अडुळशाचा उपयोगही या चाचण्यांपलीकडचा: त्यातील व्हॅसिसीनवरून ब्रोमहेक्सिन घडले, त्यापुढे अँब्रॉक्सॉल, आणि कफ पातळ करणारी ही औषधे आजही खोकल्याच्या सिरपात असतात.